पुरानें भिजलेलें घर कसें वाळवावें

नदीचें पाणी घरांत शिरतें तें सर्वांस दिसतें. तें घरांतून पुरतें निघून कधीं जातें, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. उंबऱ्यावरून पाणी खालीं उतरलें, गाळ ओढून काढला, फरशी धुतली आणि दोन दिवस ऊन पडलें, कीं घर वाळलें असें आपण धरून चालतों. वास्तविक त्या वेळीं पाणी फक्त जमिनीवरून हललेलें असतें. भिंतीच्या पोटांत, फरशीखालच्या भरावांत, चौकटीच्या लांकडांत व कणगीच्या तळाशीं तें तसेंच दडून बसतें. आणि पुढील आठ-दहा महिन्यांत घराचें व घरांतील माणसांचें जें नुकसान होतें, तें बहुतेक ह्या न दिसणाऱ्या पाण्यानें होतें.

कृष्णा, वारणा व पंचगंगा ह्या नद्यांच्या कांठच्या गांवांनीं २००५, २०१९ व २०२१ ह्या सालीं मोठे पूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ह्यावरून त्या पुराची कल्पना यावी. पूर येऊं न देणें एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. परंतु पूर गेल्यावर घर नीट वाळविणें हें बऱ्याच अंशीं त्याच्याच हातीं आहे. महसूल खात्यांतील नोकरीच्या काळांत पंचनाम्यांच्या निमित्तानें आम्ही पुष्कळ भिजलेलीं घरें हिंडलों, व निवृत्त झाल्यावरही नदीकांठींच राहत असल्यामुळें तीं पुढें कशीं झालीं हें पाहत आलों. त्यांत जें दिसलें व जाणत्या गवंड्यांकडून जें कळलें, तें येथें क्रमानें मांडतों.

वाळणें म्हणजे काय

हें समजण्यास आपल्याच धंद्यांतील दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. तासगांवाकडे बेदाणा करतात तो कांहीं कडक उन्हांत टाकून नव्हे. छपराखालीं जाळीच्या फळ्यांवर द्राक्षें पसरतात व चारी बाजूंनीं वारा खेळता ठेवतात. वाळविण्याचें खरें काम कोरडी व हलती हवा करते. हवा कोंडली, कीं ती थोड्याच वेळांत ओलीनें भरते आणि मग तिच्यांत आणखी ओल मावत नाहीं. घराचेंही तसेंच आहे. बंद खोली कितीही तापली तरी ती वाळत नाहीं. ती फक्त वाफाळते.

दुसरें उदाहरण हळदीचें. शिजवून पसरलेलें हळकुंड चार दिवसांत वरून टणक दिसूं लागतें, पण मुरलेला शेतकरी त्याला हात लावून फसत नाहीं. तो तें मोडून पाहतो. आंत ओल असेल तर तें वाकतें. खरोखर वाळलें असेल तर खणखणीत आवाज करून तुटतें. वरून वाळलेलें हळकुंड पोत्यांत भरलें तर पोतें बुरसटतें. भिंत हेंही एक मोठें हळकुंडच समजावें. तिचा पृष्ठभाग आधीं वाळतो, मग पोटांतील पाणी हळुहळू बाहेर येतें व उडून जातें. हा मार्ग गिलावा, तैलरंग किंवा चिनी मातीच्या फरश्या लावून मध्येंच बुजविला, तर आंतील पाणी आंतच राहतें.

म्हणून ह्या सर्व विषयाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें: भिंत पोटापर्यंत वाळेतों तिला झांकूं नये. पुढें जें सांगावयाचें आहे तें ह्याच वाक्याचा विस्तार होय.

आंत पाऊल टाकण्यापूर्वीं

पाणी ओसरतांच सर्वांना घरांत धांवत जाण्याची घाई असते, आणि जीविताचा धोका त्याच घटकेला सर्वांत अधिक असतो. विजेचें मुख्य बटण बंद आहे ह्याची खात्री करावी. परंतु तें बटण पाण्यांत उभें राहून किंवा ओल्या हातानें बंद करूं नये, जाणत्या तारतंत्र्यास बोलवावें. भिजलेला मीटर, तारा, मोटारीचा स्टार्टर हीं सर्व तपासून घेतल्यावांचून वीज जोडूं नये. गाळांत, लांकडांच्या ढिगाखालीं व चुलीच्या भाणसांत साप येऊन बसलेले असतात. हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवावें.

मातीच्या भिंतींविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती पाण्यांत उभ्या असतां पडत नाहींत आणि पाणी उतरल्यावर एक-दोन दिवसांनीं अकस्मात् बसतात, असें अनेक गांवीं घडलेलें आहे. ह्याचें कारण उघड आहे. पाणी दोन्ही बाजूंस असेतों भिंतीला त्याचा आधार असतो. तें निघून गेलें कीं वरचें सर्व वजन लोण्यासारख्या मऊ झालेल्या पायथ्यावर येतें. ज्या भिंतीला आडवी चीर गेली आहे, पायथा फुगला आहे किंवा ओळंबा सुटला आहे, तिच्या आडोशास माणसें किंवा जनावरें ठेवूं नयेत. माळवदाचें घर असेल तर तुळयांना खालून टेकू द्यावे, व माळवदावरची भिजलेली माती शक्य तितकी लौकर हलकी करावी.

तळघर असेल तर त्यांतील पाणी एका दमांत उपसूं नये. भोंवतालची जमीन पाण्यानें फुगलेली असते. आंतील पाणी एकदम काढलें तर बाहेरची ओली माती भिंत आंत ढकलते. रोज सुमारें एक तृतीयांश पाणी काढावें, व बाहेरची पातळी पुन्हां आंत चढते कीं काय हें पाहत जावें.

पेवाची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या पुरानें त्यांची मोठी हानि केली. ज्यांच्याकडे अजून पेव आहे त्यांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें, कीं भिजलेला माल आंबून पेवांत प्राणघातक हवा सांठते. तोंड उघडें ठेवून पुष्कळ वेळ वारा जाऊं द्यावा, कंदील दोरीनें तळापर्यंत सोडून पाहावा, तो मंदावला किंवा विझला तर कोणीही उतरूं नये. कंदील जळत राहिला तरी ती पुरी हमी नव्हे; म्हणून कमरेस दोर बांधून व वर दोन माणसें उभीं करूनच उतरावें. आंत कोणी कोसळला तर त्याच्यामागें उडी टाकणारा दुसराही त्याच वाटेनें जातो.

पहिले आठ दिवस

पहिलें काम नोंद करण्याचें. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. ती पुसली जाण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचें, गोठ्याचें व भिजलेल्या मालाचें छायाचित्र घ्यावें. आज बहुतेक घरीं छायाचित्र घेणारा दूरध्वनि असतो, त्यामुळें हें काम घटकेचें आहे. सामानाची यादी करून तिच्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. पुष्कळ लोक पंचनाम्याची वाट पाहत ओलें धान्य, गाद्या व लांकूडसामान आठ-आठ दिवस जागचें हलवीत नाहींत. पुराव्याची काळजी रास्त आहे. परंतु तेवढ्या अवधींत वाचण्यासारखें होतें तेंही सडतें. पंचनामा करावयास येणाऱ्या तलाठ्यास, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, छायाचित्रें, यादी व बाजूस रचून ठेवलेला खराब माल दाखवितां येतो. भिंत मुद्दाम ओली ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं.

दुसरें काम गाळ काढण्याचें, आणि तें गाळ ओला असतांनाच करावें. वाळलेला गाळ खरवडावा लागतो, त्यानें जमीन उखडते व धूळ छातींत जाते. पुराच्या पाण्यांत गटार, मेलेलीं जनावरें व शेतांतील औषधें मिसळलेलीं असतात. म्हणून पायांत बूट, हातांत रबरी मोजे व तोंडावर फडकें असावें. धुतल्यावर ब्लीचिंग पावडरीचें पाणी पक्क्या फरशीवर व नहाणीघरांत फिरवावें. ही पावडर शौचकूप धुण्याच्या आम्लाशीं कधींही मिसळूं नये. त्यांतून निघणारा वायु विषारी असतो.

तिसरें काम जें वाळत नाहीं तें घराबाहेर काढण्याचें. कापसाची भिजलेली गादी आंतून क्वचितच वाळते. गटाराचें पाणी लागलें असेल तर तिचा मोह सोडावा. बुरशीस धरण्यास एक ते दोन दिवस पुरतात. एक ओली गादी खोलींत राहिली, तर ती सबंध खोलीची हवा ओली ठेवते.

खोली लौकर वाळावी म्हणून कोणी कोणी दारें लावून आंत कोळशाची शेगडी पेटवितात. ही रीत सर्वथा वर्ज्य समजावी. कोळशाच्या धुगीचा वायु रंगगंधहीन असून झोंपलेल्या माणसास उठूं देत नाहीं. आणि कोंडलेल्या खोलींतील ओल शेगडीनें बाहेर जात नाहीं तें नाहींच. डिझेलचें जनित्रही घरांत किंवा ओसरीवर चालवूं नये, तें घरापासून दूर ठेवावें.

हवा केव्हां घ्यावी, केव्हां अडवावी

पावसाळ्यांत बाहेरची हवा स्वतःच ओलीनें भरलेली असते. पाऊस लागला असतां किंवा पहांटे धुकें असतां खिडक्या उघडून ठेवल्यानें घर वाळत नाहीं. उघडीप असेल त्या दिवशीं सकाळीं दहा-अकरा वाजल्यापासून उन्हें कलेपर्यंत समोरासमोरचीं दारें-खिडक्या सताड उघडीं ठेवावीं, सांज होतां लावून घ्यावीं. विजेची जोडणी तपासून झाल्यावर पंखा लावावयाचा तो खोलीच्या मध्यावर नको. भिंतीच्या अंगास घासून वारा जाईल व समोरच्या खिडकीनें बाहेर पडेल असा तिरका लावावा. भांड्यांचें कपाट, कोठी, पलंग हीं भिंतीपासून निदान हातभर दूर सरकवावीं, कारण त्यांच्या पाठीमागील भिंत सर्वांच्या शेवटीं वाळते. शहरांत हवेंतील ओल ओढून घेणारीं यंत्रें भाड्यानें मिळतात. तीं लावलीं तर मात्र दारें बंद ठेवावीं, नाहीं तर यंत्र सगळ्या गांवाची हवा वाळवीत बसतें.

खरी वाळवण परतीचा पाऊस संपल्यावर सुरू होते. कार्तिकापासून माघापर्यंतचे कोरडे वारे व पुढचें चैत्राचें ऊन, हें ह्या कामाचें भांडवल आहे. तें वाया जाऊं देऊं नये.

भिंती

भाजलेल्या विटांच्या भिंतीविषयीं बांधकाम जाणणारे असा ठोकळ अडाखा देतात, कीं जाडीच्या एका इंचास एक महिना धरावा. ह्या हिशेबानें श्रावणांत भिजलेली नऊ इंची भिंत चैत्राच्या अखेरीस वाळते. दोन्ही अंगें मोकळीं असून वारा चांगला असेल तर थोडी आधीं. एक अंग शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलें असेल किंवा फरश्यांनीं मढविलेलें असेल तर बरीच नंतर. हा अडाखा आहे, नियम नव्हे. परंतु दिवाळीपूर्वीं घर रंगवून घेण्याचा जो आपला आग्रह असतो, त्याला ह्यांत जागा नाहीं, एवढें ह्यावरून दिसून येईल.

गिलावा किती काढावा? पाण्याची रेघ जेथें आहे तेथवरच ओल असते असें नाहीं. दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें भिंतींत पाणी वर चढतें. म्हणून रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा फुगलेला, पोकळ वाजणारा व सुटलेला गिलावा काढून टाकावा. तैलरंग खरवडून काढावा. खालच्या पट्टीच्या फरश्या काढाव्या. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर त्या पोकळींत पाणी अडकून राहतें; सर्वांत खालच्या थरांत ठिकठिकाणीं लहान भोंकें पाडून तें वाहून जाऊं द्यावें.

मातीच्या व दगड-मातीच्या भिंतीस हा नियम जशाचा तसा लावूं नये. ती मऊ असतांना तिला ठोकाठोकी केली तर गिलाव्याबरोबर भिंतही येते. प्रथम टेकू द्यावा, पायथ्याशीं पाणी सांचूं नये म्हणून बाहेरून उताराची चर काढावी, आणि भिंत घट्ट झाल्यावरच सुटलेला भाग उतरवावा. पायथ्याची माती झिजून गेली असेल तेथें त्याच जातीच्या मातीनें, भुसा घालून मळून, थराथरानें भरून घ्यावें. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणें हें रोगट बैलाला जाड झूल घालण्यासारखें आहे. सिमेंट मातीला नीट धरीत नाहीं, वाफ बाहेर सोडीत नाहीं, आणि त्याच्या पाठीमागें माती चिखल होत असतां बाहेरून कांहीं दिसत नाहीं. एके दिवशीं सबंध पत्रा सुटून येतो. मातीचा किंवा चुन्याचा लेप वाफेला वाट देतो. आपल्या वाडवडिलांनीं तो उगाच वापरला नव्हता.

वाळतांना भिंतीवर पांढरी बुकणी येते. हिलाच आपण लोणा लागला म्हणतों. हे पाण्यांत विरघळलेले क्षार असून पाणी बाहेर येत असल्याची ती खूण आहे. ती कोरड्या कुंचल्यानें झाडून गोळा करून टाकावी. ओल्या फडक्यानें पुसूं नये, कारण पुसल्यानें क्षार विरघळून पुन्हां भिंतींत शिरतात. नवी बुकणी येण्याचें थांबलें म्हणजे वाळवण पुष्कळ पुढें गेली असें समजावें.

ह्या बाबतींत पाहिलेलें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. वारणाकांठच्या एका गांवीं दोन भावांचें एकच घर मध्यें भिंत घालून वांटून घेतलेलें होतें. २०२१ च्या पुरांत दोन्ही भाग सारखेच, कमरेच्या वर, भिजले. थोरल्याच्या घरीं मार्गशीर्षांत मुलीचें लग्न; त्यानें कार्तिकांत सिमेंटचा गिलावा करून वर तैलरंग दिला. धाकट्यापाशीं त्या वेळीं पैसा नव्हता. त्यानें सुटलेला गिलावा काढून भिंती उघड्याच ठेवल्या. लग्नास आलेल्या पाहुण्यांत थोरल्याच्या घराची वाहवा झाली, व धाकट्याच्या घरास लोकांनीं नांवें ठेवलीं. धाकट्यानें वैशाखांत चुन्याचा गिलावा केला. पुढच्या पावसाळ्यांत थोरल्याच्या भिंतीस खालून दोन हात फोड आले, तैलरंग सालीसारखा सुटला, कपाटांतील कपड्यांना बुरशी धरली, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचा दमा इतका वाढला, कीं ती धाकट्याकडे राहावयास गेली. थोरल्याचा मुख्य खर्च दोनदां झाला. येथें थोरल्यास दोष देण्याचें कारण नाहीं. घरीं कार्य असतां उघड्या विटा कोणास रुचतील? परंतु त्यानें भिंतींना साधा चुना मारून वरून पडदे सोडले असते, तर कार्यही साजरें झालें असतें व भिंतही वाळत राहिली असती. चुन्याची सफेदी वाफ अडवीत नाहीं, हें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.

जमीन व लांकूड

शहाबादी फरशी वरून अर्ध्या दिवसांत वाळते, पण तिच्या खालचा भराव महिनोन् महिने ओला राहतो. प्रत्येक खोलींत भिंतीलगतच्या दोन व मध्यावरची एक अशा फरश्या उचलून ठेवाव्या, म्हणजे खालच्या मातीस श्वास मिळतो. मातीची जमीन असेल तर वरचा गाळ खरवडून ती उघडी ठेवावी. लगेच शेणानें सारवण्याची घाई करूं नये. रोज सारवणें म्हणजे रोज पाणी घालणें होय.

दारें, चौकटी, खाटा व औतें हीं उन्हांत टाकूं नयेत. लांकूड वरून झपाट्यानें वाळलें व आंतून ओलें राहिलें, कीं तें पिळवटतें व तडकतें. दारें बिजागऱ्यांवरून उतरवून सावलींत आडवीं रचावीं, व दोहोंमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालाव्या. फुगलेले खण ओढाताण करून उघडूं नयेत; वाळल्यावर ते आपोआप सुटतात. लांकडांतील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा वीसांवर राहिली तर कुजविणारी बुरशी त्यांत जगते. त्याखालीं आली तर ती वाढत नाहीं. तुळई व चौकट भिंतींत जेथें शिरते तें टोंक शेवटीं वाळतें आणि वाळवीही तेथूनच लागते. तेवढी जागा उघडी करून ठेवावी.

धान्य, बियाणें व वैरण

पुराचें पाणी प्रत्यक्ष लागलेलें धान्य खाण्यास वापरूं नये, हें कठोर वाटलें तरी खरें आहे. वरच्या थरांतील न भिजलेलीं पोतीं मात्र ताबडतोब वेगळीं करावीं. ओल्या पोत्यावरचें कोरडें पोतें दोन दिवसांत ओल ओढतें. असें धान्य बोटभर थरांत पसरून वारंवार हालवावें, व दातांखालीं कटकन् फुटेतों वाळवावें. सांठवणींत ज्वारी-गव्हांतील ओल शेंकडा बारा-तेराच्या वर नसावी.

भुईमूग व मका ह्यांना बुरशी आली तर ती धुवून किंवा भाजून निघत नाहीं. त्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें, तें शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं. असा दाणा जनावरांस घालूं नये. गाईनें खाल्ल्यास तें तिच्या दुधांत उतरतें व घरांतील मुलाच्या पोटांत जातें. बुरसटलेल्या कडब्याविषयींही हीच सावधगिरी ठेवावी.

बियाण्याच्या पोत्यास दमट हवा लागली असेल तर पेरणीपूर्वीं उगवण पाहिल्याशिवाय तें शेतांत नेऊं नये. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व उगवलेले मोजावे. सोयाबीनचे शंभरांत सत्तरांहून कमी उगवले, तर तें बियाणें म्हणून वापरण्यास योग्य नाहीं.

कागदपत्रें

सारा जन्म दप्तराच्या रुमालांत गेल्यामुळें ह्या गोष्टीवर आमचा थोडा अधिक जीव आहे. भिजलेला जुडगा एकदम उलगडूं नये. ओला कागद दुमडीवर फाटतो. हलक्या हातानें दाबून पाणी निथळूं द्यावें, जाड कोरा कागद पानापानांमध्यें घालावा, तो भिजला कीं बदलावा, व सावलींत पंख्याखालीं वाळवावें. उन्हांत शाई उडते व कागद कडकडीत होतो. दोन दिवसांत हें होण्यासारखें नसेल, तर जुडगा प्लास्टिकच्या पिशवींत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा. तेथें बुरशी धरीत नाहीं, आणि पुढें सवडीनें वाळवितां येतो.

सर्व कागद एकदम वाचविणें शक्य नसेल तर कोणते आधीं घ्यावे? लोक प्रथम सातबाऱ्यावर झडप घालतात. तो तर आज डिजिटल सहीचा पुन्हां मिळतो. नोंदलेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मिळते. परंतु नोंद न झालेलें वांटणीपत्र, हातउसन्याची चिठ्ठी, भरणा केल्याच्या जुन्या पावत्या, वडिलांच्या हातची वही, ह्यांची दुसरी प्रत जगांत नसते. तीं आधीं वाळवावीं.

वाळलें कीं नाहीं, ह्याची परीक्षा

हातानें चांचपून पाहणें ही परीक्षा नव्हे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद घेऊन भिंतीवर किंवा जमिनीवर चारी कडा चिकटपट्टीनें पक्क्या बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. उचलल्यावर आंतल्या अंगास थेंब दिसले, किंवा खालची जागा भोंवतालच्या जागेहून काळपट दिसली, तर ओल अजून आहे. ही परीक्षा पायथ्यापाशीं, कोपऱ्यांत व कपाटामागें अशी निदान तीन ठिकाणीं करावी. महिन्याच्या अंतरानें दोनदां कोरडी उतरली, लोण्याची नवी बुकणी आली नाहीं, आणि बंद खोली सकाळीं उघडतांना कुबट वास आला नाहीं, म्हणजे गवंड्यास बोलावण्यास हरकत नाहीं.

कामाचा क्रम

तोंवर राहावयाचें कोठें, हा प्रश्न खरा आहे. सगळें घर एकदम वाळवूं म्हटलें तर एकही खोली वाळत नाहीं. त्यापेक्षां उंचावरची, दोन्ही बाजूंनीं वारा मिळणारी एक खोली निवडून सर्व श्रम, पंखा व मोकळी हवा प्रथम तिला द्यावी. लहान मुलें, बाळंतीण व दमेकरी ह्यांना त्या खोलींत ठेवावें. खाटा भिंतीपासून दूर असाव्या. स्वयंपाक व कपडे वाळत घालणें मात्र त्या खोलींत नसावें. एक खोली निभावली कीं दुसरी हातीं घ्यावी.

सोयीसाठीं सर्व क्रम थोडक्यांत देतों.

श्रावण-भाद्रपद: विजेची व भिंतींची तपासणी, छायाचित्रें व यादी, गाळ काढणें, ओलें सामान बाहेर, धान्य व कागद वेगळे.

आश्विन: सुटलेला गिलावा व तैलरंग काढणें, फरश्या उचलणें, घराभोंवतीं चर.

कार्तिक ते माघ: दुपारचा वारा, लोणा झाडणें, दारें-चौकटी सावलींत वाळविणें, फार तर चुन्याची सफेदी.

फाल्गुन-चैत्र: प्लास्टिकची परीक्षा, वाळवीची पाहणी, बियाण्याची उगवण.

वैशाख: परीक्षेंत उतरलेल्या भिंतींस गिलावा, उचललेल्या फरश्या परत बसविणें. जी भिंत उतरली नाहीं ती आणखी एक हंगाम उघडी.

सरकारी मदत बहुधा ह्या क्रमाच्या आरंभींच हातीं येते, व तिचा खरा उपयोग शेवटीं असतो. म्हणून ती रक्कम येतांच गवंड्यास न देतां, टेकू, पंखा व विजेची दुरुस्ती एवढ्यापुरती खर्चून बाकीची वैशाखापर्यंत राखून ठेवणें हेंच शहाणपणाचें होय. उघड्या भिंतींचें घर पाहून कोणी हंसलें तर हंसूं द्यावें. पुढल्या मृगाच्या पावसांत त्याच भिंती कोरड्या राहतील, व त्यांच्या आंत निजणाऱ्यांची छाती मोकळी राहील.